रानातल्या मल्लेश्वराची घरं

खिडकीला टोपरं घातलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते बंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये. तान्ह्या बाळाला घालतात अगदी तसंच, वर निमुळतं आणि दोन्ही कानांवर उतरलेलं. फक्त कापडाच्या जागी लाकडाच्या उभ्या, अरुंद पट्ट्या. तिथे याला ‘मंकी टॉप’ म्हणतात. मी एकटीच हिंडत होते, चल म्हणणारं कुणी नव्हतं, त्यामुळे फाटकाशी खूप वेळ उभी राहिले. सकाळचं तिरपं ऊन पट्ट्यांवर थांबत होतं आणि खालची खिडकी सताड उघडी होती. पावसाची झड आली तरी थेंब पट्ट्यांवर आपटून ओघळतात, वारा मात्र फटींतून आत शिरतो. ऊन अडवायचं, पाऊस अडवायचा आणि वाऱ्याला वाट द्यायची, ही तिन्ही कामं एका सुताराच्या कलाकुसरीनं साधली आहेत.

अशी जुनी घरं पाहायला लोक एरवी संग्रहालयात जातात. स्टॉकहोममध्ये १८९१ साली आर्तुर हाझेलियस यांनी ‘स्कानसेन’ हे खुलं संग्रहालय सुरू केलं. स्वीडनभरातली जुनी घरं सुटी करून आणायची, पुन्हा उभी करायची आणि लोकांनी त्यांतून फिरायचं. खुल्या संग्रहालयांनी पुढे जगभर तोच कित्ता गिरवला. आपल्याकडे चेन्नईजवळ मुट्टुकाडूला ‘दक्षिणचित्र’ आहे, तिथे इलकलच्या विणकराचं घरसुद्धा पाहायला मिळतं. मल्लेश्वरमची आखणी स्कानसेनच्या दोनच वर्षं आधीची, १८८९ची. पण इथली घरं कुठून आणलेली नाहीत आणि रिकामीही नाहीत. दोरीवर साड्या वाळतात, आतून कुकरची शिट्टी ऐकू येते.

एका पडवीतल्या आजींनी हातानंच ‘आत ये’ म्हणून खुणावलं. त्यांचं हिंदी बेताचं, माझं कन्नड त्याहून बेताचं. चप्पल काढून पाऊल टाकलं आणि गारवा टाचेतून वर चढला. लाल कोबा! सिमेंटमध्ये लोहाचा तांबडा रंग मिसळून, थापीनं घोटून घोटून केलेली जमीन. कुठे सांधा नाही. आजींनी पदराच्या टोकानं एक कोपरा पुसला, तर त्यात दाराची चौकट दिसायला लागली. वर छताजवळ झरोके होते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, झरोक्यातून निघून जाते आणि तिच्या जागी खालून, टोपरं घातलेल्या खिडकीतून, गार हवा ओढली जाते. घर दिवसभर श्वास घेत असतं.

हवेचा हा ध्यास त्या काळाचाच. १८९७ साली पुण्याला छळणारा प्लेग पुढच्या वर्षी बंगळुरूत पोचला. दाटीवाटीच्या जुन्या पेठेतली माणसं या मोकळ्या वस्तीकडे आली. रुंद रस्ते, दोन घरांत अंतर, परसात झाडं. पण याच आखणीत घरांच्या मागून एक चिंचोळी गल्लीही काढलेली आहे. शौचकूप साफ करणाऱ्यांनी पुढून येऊ नये म्हणून. मी तिच्यातून टोकापर्यंत चालत गेले. पुढचा देखणा दर्शनी भाग आणि ही गल्ली एकाच नकाशावर आखली गेली होती, हे पाहिल्याशिवाय मल्लेश्वरम पाहिलं असं मला म्हणवत नाही.

वस्तीचं नाव ज्याच्यावरून पडलं तो काडु मल्लेश्वर. कन्नडमध्ये ‘काडु’ म्हणजे रान. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजी यांनी या देवाला गाव दान दिल्याचा १६६९चा शिलालेख आहे. बंगळुरू ही त्यांच्या वडिलांची, शहाजीराजांची जहागीर होती. मराठी कानाला ‘काडु’ परका वाटतो, आणि त्याच्या दारात एकोजींचं नाव भेटतं! समोरच्या नंदीतीर्थात दगडी नंदीच्या मुखातून पाण्याची धार शिवलिंगावर पडते. ते सगळं मातीखाली गडप होतं, १९९७च्या सुमारास खोदकामात वर आलं.

दुपारी एका आडरस्त्यावर अर्धं पाडलेलं घर दिसलं, आणि छताचं पोट उघडं पडलेलं. पुस्तकात वाचलेलं ‘मद्रास टेरेस’ डोळ्यांसमोर! सागवानी कड्या, त्यांवर पातळ विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या, तिरप्या रांगेत. वर विटांचा चुरा आणि चुना. गूळ आणि हिरड्याचं पाणी शिंपत हा थर दिवसचे दिवस लाकडी थाप्यांनी बडवत असत. आपल्या माळवदाचं हे दक्षिणेकडचं भावंड. मी एका विटेवर बोट फिरवलं. चुना अजून तिला सोडायला तयार नव्हता.

फाटकाबाहेर टेम्पोत खिडक्या रचत होते. प्रत्येक चौकटीवर खडूनं आकडा लिहिलेला. घर पुन्हा जोडायचं असेल तर असेच आकडे घालतात, म्हणून मी मुकादमांना आशेनं विचारलं. ते म्हणाले, जुन्या लाकडाचा भाव आहे तो. सगळ्यात वर, उलटं ठेवलेलं, एक टोपरं होतं.