शब्दांवांचून गाणारी गिटार

हवाईयन गिटार हें नांव आपल्या नांदेड-लातूरकडे फारसें परिचित नाहीं. तिचा आवाज मात्र घरोघर पोहोंचलेला आहे. चित्रपटगीताची चाल शब्दांवांचून, गळ्यांतून निघाल्यासारखी लांबत रेडिओवर वाजूं लागली, कीं ती पुष्कळदां याच वाद्यावरची असे. या वाद्याचे एक नामांकित वादक व्हॅन शिपले यांच्याविषयीं आज बोलावयाचें आहे.

साधी गिटार उराशीं धरून बोटांनीं तारा पडद्यांवर दाबतात. ही मांडीवर आडवी ठेवतात आणि डाव्या हातांतील पोलादी कांडी तारांवरून सरकवितात. पडद्यांचें बंधन सुटतें व षड्जापासून पंचमापर्यंत स्वर अखंड जातो. आपल्या विचित्र वीणेवर कांचेचा गोळा फिरवितात, तसाच हा प्रकार. हवाई बेटांतील जोसेफ केकुकू यानें विद्यार्थिदशेंत ही रीत बसविली, असें मानतात. पुढें १९४० नंतर तौ मोए हे वादक सहकुटुंब कलकत्त्यास कांहीं वर्षें राहिले, आणि बंगालमध्यें हें वाद्य चांगलेंच रुजलें.

त्याच १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें बाजाच्या पेटीवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. पेटी परकी, हा एक आक्षेप. तींतून मींड निघत नाहीं, हा दुसरा. मला पहिल्यापेक्षां दुसरा अधिक वजनदार वाटतो. आणि तो खरा मानला, तर जिच्यांत मींडच मींड आहे ती गिटार परकी कशी म्हणावी?

शिपले यांचा जन्म १९२७ सालीं लखनौस एका ख्रिस्ती कुटुंबांत झाला. हिंदुस्थानी रागसंगीत शिकून, लखनौच्या रेडिओकेंद्रावर वाजवून ते मुंबईच्या चित्रपटसृष्टींत आले. व्हायोलिनही ते उत्तम वाजवीत. गिटारीच्या सहा तारा त्यांस अपुऱ्या वाटल्या, तेव्हां आपल्याच कल्पनेनें त्यांनीं आठ तारांची, विजेवर चालणारी गिटार सिद्ध केली. पुण्याचे ॲकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्यासह केलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका गाजल्या.

चित्रपटाच्या वाद्यवृंदांतील वादकाचें नांव पडद्यावर क्वचितच येई. या तबकड्यांवर मात्र तें स्पष्ट छापलेलें असे. तें कमावणें सोपें नव्हतें. मूळ गाणें ऐकणाऱ्यास पाठ असतें. गायिकेनें जेथें श्वास घेतला, जेथें स्वर किंचित् हलविला, तेथें कांडी केसभर पुढें गेली तरी चूक उघडी पडते. शब्दांची आड नाहीं.

शिपले २००८ सालीं मुंबईस वारले. त्यांची तबकडी हातीं आली, तर मुखड्याचा शेवटचा स्वर कसा विरतो, तिकडे अवश्य कान द्यावा.