सात दिवसांत मोडी

मोडी लिपीचे वर्ग गावोगावी पुन्हा भरू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. २०१४ साली ह्या लिपीस युनिकोडमध्ये स्थान मिळाल्यावर संगणकावरही तिची वाट मोकळी झाली. मात्र ह्या वर्गांच्या जाहिरातींत बहुधा एक वाक्य आढळते : ‘सात दिवसांत मोडी वाचा.’ हे वचन अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच त्याचा विचार करणे अगत्याचे वाटते.

देवनागरी जाणणाऱ्या माणसास मोडीची मुळाक्षरे व बाराखडी आठवड्यात ओळखता येतात, एवढा भाग निर्विवाद. परंतु अक्षर ओळखणे निराळे आणि कागद वाचणे निराळे. जुना कारकून आधी शिरोरेषा ओढून घेई, आणि मग तिच्याखाली बोरूने, होता होईल तो हात न उचलता, ओळच्या ओळ लिहून काढी. शब्दांमध्ये जागा सोडण्याचा प्रघात नव्हता. विरामचिन्हे नव्हती. इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नसे. उदाहरणादाखल एक ओळ कल्पावी : ‘शेतेतीनद्यावी’. ‘शेते तीन द्यावी’ असे वाचले तर ती देणगी ठरते. ‘शेते ती न द्यावी’ असे वाचले तर मनाई. दोन्ही वाचनांत एकही अक्षर चुकलेले नाही! निर्णय करावयाचा तो मागच्यापुढच्या मजकुरावरून, आणि तसा मजकूर पूर्वी शेकडो वेळा डोळ्यांखालून गेला असल्यावाचून तो करता येत नाही.

कालगणनेचीही तीच गोष्ट. पेशवाईतील कागदांवर शुहूर सन अरबी संख्यावाचकांत लिहिलेला असतो. ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे सत्तर, शंभर व हजार, अर्थात ११७०. ह्या सनाचा आरंभ मृगनक्षत्री, सुमारे जूनच्या प्रारंभी होतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदास ५९९ मिळवावे लागतात, जानेवारीपासून पुढील मृगापर्यंतच्या कागदास ६००. महिना मात्र हिजरी असतो, व त्याच्या तारखेआधी ‘छ’ हे अक्षर येते. हिजरी महिने ऋतूंशी बांधलेले नसल्यामुळे तो महिना त्या वर्षी कोठे पडला, हे जंत्रीतच पाहावे लागते.

प्रस्तुत लेखकाने ते पाहिले नाही. आठवड्याचा वर्ग संपवून मी मोठ्या उत्साहाने घरच्या पेटीतील एक कागद वाचला, ११७० मध्ये ६०० मिळवले, आणि आमचे घराणे १७७० साली ह्या गावी आले असे कुलवृत्तान्तात छापूनही टाकले. कागदावर ‘छ ५ जमादिलाखर’ असे स्वच्छ लिहिलेले होते. त्या वर्षी तो महिना ऑक्टोबरात पडला होता. तेव्हा साल १७६९. चूक एका वर्षाची खरी, पण तीनशे प्रती नातलगांच्या घरी जाऊन बसल्या, आणि पुढे एका भाच्याने त्यांतलेच साल आपल्या लेखात उद्धृत केले. मुलांच्या वह्या तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने हे करावे, ह्याची लाज अजून वाटते.

गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये बडोदे संस्थानच्या सेवेत शिरले. पेशवे दफ्तराच्या निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी संपादिले ते १९३० नंतर, वयाची पासष्टी गाठल्यावर. मधली चाळीस वर्षे जुन्या कागदांच्या सहवासात गेली होती. आपणा सर्वांस तेवढे साधावयाचे नाही. परंतु माझ्यापुरता जो क्रम उपयोगी पडला तो सांगतो. एकाच कारकुनाच्या हातचे वीसपंचवीस कागद घ्यावे व ते निरनिराळे न चाळता पुनःपुन्हा वाचावे. हात ओळखीचा झाला की दुसरा घ्यावा. ‘विज्ञापना ऐसीजे’, ‘मशारनिल्हे’ असे ठराविक शब्द डोळ्यांत बसले म्हणजे उरलेल्या ओळी पुष्कळ सोप्या होतात. आणि वाचण्याबरोबर लिहावेही. आपण स्वतः गिरवल्यावाचून कोणते वळण घाईत कसे मोडते हे कळत नाही. हे रोज अर्धा तास, निदान दोन वर्षे.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील कित्येक घरांत असे रुमाल अद्याप बांधलेले आहेत. आमच्या पेटीतील दुसरा कागद मी गेली चार वर्षे वाचीत आहे. त्याच्या सातव्या ओळीत तीन अक्षरांचा एक शब्द आहे. तो गावाचे नाव असावा असे माझा एक विद्यार्थी म्हणतो, मला तो धान्याचा प्रकार वाटतो. नकलेत त्या जागी तूर्त पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेविले आहे.