एकटीचा धंदा, चारचौघींची साथ

मार्च-एप्रिल महिन्यांत कोल्हापूरच्या कुठल्याही पेठेतून चक्कर मारा. मिरची भाजल्याचा ठसका नाकात बसल्याशिवाय गल्ली ओलांडता येत नाही. वर्षाची चटणी करायचे हे दिवस. अशाच एखाद्या घरातली पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. पदवी झाली आहे, नोकरीचं काही जमलेलं नाही. हाताला चव आहे. शेजारच्या काकू म्हणतात, "अगं, विकायला का करत नाहीस?" ती धाडस करते आणि कांदा-लसूण चटणीचा धंदा सुरू होतो.

पहिल्या चार महिन्यांत तिला जे जाणवतं, ते कुठल्याही उद्योगाच्या पुस्तकात ठळक अक्षरात छापलेलं नसतं. धंदा करणारी मुलगी एकटी पडते. मैत्रिणी नोकरीला लागलेल्या असतात, त्यांना पगाराची भाषा कळते, उधारीची नाही. घरचे कौतुक करतात, पण "लग्नापर्यंतचा विरंगुळा" एवढंच त्याला समजतात. माल परत आला तर सांगायचं कुणाला?

हे एकटेपण केवळ मनाचं नसतं. त्याची किंमत रुपयांत मोजता येते. आपण एक हिशेब मांडून पाहू. समजा, दहा किलो चटणीला मिरची, खोबरं, कांदा, लसूण, तेल आणि मसाले मिळून ४,००० रुपये लागले. ती ५०० रुपये किलोने विकते, म्हणजे ५,००० आले. हजार रुपये सुटले म्हणून ती खूश होते. पण कांडपाचे ३००, पिशव्या आणि लेबलांचे २००, गॅसचे १५० आणि रिक्षाचे १५० तिनं धरलेलेच नाहीत. ते ८०० वजा केले की हातात उरतात २००. त्यासाठी ती तीन दिवस राबली, आई दोन दिवस राबली. त्यातच एक किलो चटणी "चव बघा" म्हणून नातेवाइकांत वाटली असेल, तर ५०० रुपयांची विक्री बुडाली आणि धंदा ३०० रुपये तोट्यात गेला. गंमत अशी, की तिला हे वर्षभर कळत नाही. कारण "काय गं, किलोला तुला पडतं किती?" असं विचारणारं तिच्याजवळ कुणी नसतं.

हा प्रश्न विचारणाऱ्या बायका एकत्र आणण्याचं काम स्त्रियांच्या सेवाभावी संस्था करतात. आपल्या कोल्हापुरातलं ठळक उदाहरण म्हणजे 'स्वयंसिद्धा'. बँकेतली नोकरी सोडून कांचनताई परुळेकर यांनी १९९२ मध्ये डॉ. व्ही. टी. पाटील फाउंडेशनच्या आधारानं ही संस्था उभी केली. बायकांना छोट्या उद्योगाचं प्रशिक्षण द्यायचं, बचत गट बांधायचे आणि माल बाजारापर्यंत न्यायला मदत करायची, हे तिचं काम. योगायोग पाहा, बचत गटांना बँकांशी जोडण्याचा 'नाबार्ड'चा पथदर्शी प्रकल्पही त्याच १९९२ सालचा. सुरुवात होती ५०० गटांपासून.

या साऱ्यामागची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गृहिणी गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. तिथं काम करणारी प्रत्येक बाई मालकीण मानली जाते, नफा-तोट्यात तिचा वाटा असतो. पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावात 'अन्नपूर्णा महिला मंडळ' सुरू केलं. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात अडकल्या होत्या. त्यांच्याकडे तारण ठेवायला काही नव्हतं. मग त्या गटागटानं एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं दार उघडलं. शेजारणीचा शब्द हेच तारण ठरलं.

सातारा जिल्ह्यातली म्हसवडची गोष्टही सांगण्यासारखी आहे. चेतना सिन्हा यांनी तिथं बायकांची बँक काढायचं ठरवलं. परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण संस्थापक सभासदांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका घरी रडत बसल्या नाहीत, अक्षरं गिरवायला बसल्या. पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला व्याजाचा हिशेब घाला, तोंडी करून दाखवतो. १९९७ मध्ये 'माणदेशी महिला सहकारी बँक' सुरू झाली. एकटी बाई त्या कचेरीतून परतली असती, तर बहुधा पुन्हा गेली नसती.

आता आपल्या चटणीवाल्या मुलीकडे परत येऊ. अशा संस्थेच्या बैठकीत ती पहिल्यांदा जाते, तेव्हा थोडी बिचकते. तिथं कुणी पिशव्या शिवणारी असते, कुणी शेवया करणारी, कुणी दोन मुलांना घेऊन आलेली विधवा. "मी शिकलेली, यांच्याकडून काय शिकणार?" असं मनात येतं. मग शेवयावाली मावशी सहज विचारते, "पावसाळ्यात चटणीला गोळे येत नाहीत का गं तुझ्या?" आणि मुलगी वही काढते. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्यानुसार घरगुती मालालाही नोंदणी लागते, तिचा क्रमांक लेबलवर छापावा लागतो, हे तिला तिथं कळतं. जुलै २०२० पासूनची 'उद्यम' नोंदणी फुकट होते, त्यासाठी कुणा एजंटाला पैसे द्यायची गरज नाही, हेही कळतं. मिरची चौघींनी मिळून घेतली तर भाव उतरतो. प्रदर्शनातला गाळा दोघींत घेतला तर भाडं निम्मं होतं, आणि एकीला ताप आला तर दुसरी गल्ला सांभाळते.

देवाणघेवाण एकतर्फी राहत नाही, हे सर्वांत महत्त्वाचं. शिकलेली मुलगी मावशीचा बँकेचा अर्ज भरते, मोबाइलवर पैसे घ्यायला शिकवते. जी काल विचारायला आली, ती उद्या नव्या मुलीला सांगू लागते. सेवाभाव म्हणतात तो असा. त्यात उपकाराचं ओझं नसतं, पाळी असते. आज तुझी, उद्या माझी.

इथं सगळं गोडच असतं असं मात्र समजू नये. चार बायका एकच चटणी करू लागल्या की भाव पाडण्याची चढाओढ लागते, रुसवेफुगवे होतात. संस्था माल विकून देईल या भरवशावर राहिलेली बाई हमखास निराश होते. गिऱ्हाईक ज्याचं त्यालाच मिळवावं लागतं. म्हणून गटात जाताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. हप्ता चुकवू नये आणि आपला हिशेब लपवू नये. खोटा हिशेब सांगणारीला खरा सल्ला मिळत नाही.

आणि शेवटी तो लग्नाचा प्रश्न. मुलगी सासरी गेली की धंदा माहेरी राहतो, असंच आजवर बहुतेक घरांत झालं. पण जिची ओळख फक्त "अमक्याची मुलगी" अशी नाही, जिच्या नावाची नोंदणी आहे, खातं आहे आणि अडीअडचणीला धावणाऱ्या दहा-बाराजणी आहेत, तिला बोलणी चालू असतानाच सांगता येतं, "माझा धंदा आहे, तो मी चालू ठेवणार." हे वाक्य उच्चारायला लागणारं बळ दहा किलो चटणीतून येत नाही. आपल्या मागे कुणीतरी उभं आहे, या खात्रीतून ते येतं.

तुमच्या घरात किंवा गल्लीत अशी एखादी मुलगी असेल, तर तिची चटणी जरूर घ्या, आणि पूर्ण पैसे देऊन घ्या. पण त्याबरोबर तिला एकदा तरी अशा बैठकीला घेऊन जा. पुढचं त्या बायका बघून घेतील.