इंजिन फ्लश: करावं की नको?

गाडी सर्व्हिसिंगला दिली की जॉब कार्डवर ऑइल आणि फिल्टरच्या खाली आणखी एक ओळ हळूच येऊन बसते: इंजिन फ्लश. "आतली सगळी घाण निघेल, ॲव्हरेज वाढेल," असं सांगितलं जातं. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या गाडीला याची गरज नसते, असं माझं स्पष्ट मत आहे.

नेमकं काय करतात?

साधारण 300 मिलिलिटरचा डबा जुन्या ऑइलमध्ये ओततात, गाडी जागेवरच दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवतात, मग ऑइल काढून फिल्टर बदलतात. डब्यात बहुधा रॉकेलच्या जातीचा द्राव आणि डिटर्जंट असतं. जुने मिस्त्री डिझेल घालून हेच करायचे.

काळं ऑइल म्हणजे घाण नव्हे

चांगल्या ऑइलमध्ये डिटर्जंट आधीपासूनच असतं. शिवाय काजळीचे कण तरंगत ठेवणारी द्रव्यंही असतात. डिझेल गाडीचं नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं ते त्यामुळेच. "बघा साहेब, किती घाण निघाली!" म्हणून दाखवतात, तेवढं काळं फ्लश न करताही निघालंच असतं.

खरा गाळ

ऑइल बदलायला उशीर केला किंवा गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरली, तर गाळ धरतो. इंजिन पुरतं तापत नाही आणि आतल्या वाफेचं पाणी ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल भरायचं झाकण उघडून पाहा. खाली पिवळट साय दिसली तर ते बहुधा हेच पाणी. हायवेवर तासभर गाडी चालवली की बरेचदा जातं. सोबत कूलंटही कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट तपासून घ्या. डांबरासारखा काळा थर दिसला तर तो गाळ.

आणि अशाच इंजिनात फ्लश सगळ्यात धोक्याचं. सुटलेले तुकडे फिल्टरपर्यंत पोचण्याआधीच इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमधल्या स्ट्रेनरवर, म्हणजे पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर अडकतात. ऑइल वर चढत नाही. कॅमशाफ्ट, बेअरिंग कोरडी पडतात. मिनिटाला लाखावर फेरे घेणारा टर्बो तर फार काळ तग धरत नाही. शिवाय ऑइल कधीच पूर्ण निघत नाही. उरलेला द्राव नव्या ऑइललाही पातळ करतो.

मग करायचं काय?

मॅन्युअल उघडा. बऱ्याच गाड्यांना 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, अशी मुदत असते. धुळीत किंवा जवळच्या जवळच फिरणाऱ्या गाडीचं ऑइल त्याआधी बदलावं. मॅन्युअलमध्ये फ्लश सांगितलेलं नसेल तर जॉब कार्डवरची ती ओळ खोडायला सांगा.

जुनी गाडी घेतलीय आणि आत गाळ आहे? चेंबर उतरवून स्ट्रेनर साफ करून घ्या. योग्य ग्रेडचं ऑइल भरा आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर फिल्टरसकट पुन्हा बदला. गाळ हळूहळू सुटतो, तेच बरं. मजुरी डब्यापेक्षा जास्त पडेल, पण इंजिन उघडण्यापेक्षा कितीतरी कमी.

फ्लश करून झालंच असेल आणि ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका. तिथेच बंद करा आणि टो करून न्या.