फिरोजशहा मेहता आणि मुंबई महापालिकेची घटना

सर फिरोजशहा मेहता (१८४५–१९१५) यांचे नाव काँग्रेसच्या इतिहासात मोठे आहे; १८९०च्या कलकत्ता अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. पण त्यांचे सर्वांत टिकाऊ काम मुंबईच्या म्युनिसिपालिटीत झाले. १८७०च्या दशकाच्या आरंभापासून मृत्यूपर्यंत त्यांनी तिथे काम केले.

१८६५च्या कायद्याने शहराचा कारभार सरकारनियुक्त जस्टिस ऑफ द पीस आणि म्युनिसिपल कमिशनर यांच्याकडे होता. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी मंडई, रस्ते, गटारे यांवर सढळ हाताने पैसा खर्च केला. खर्चाला लगाम घालणारे कोणी नव्हते. १८७१ साली करदात्यांचा संताप उसळला. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधील व्याख्यानात तरुण बॅरिस्टर मेहता म्हणाले, की दोष क्रॉफर्ड यांच्यात नसून रचनेत आहे. श्रोत्यांना हे रुचले नाही. अंमलबजावणी एका जबाबदार अधिकाऱ्याकडे असावी आणि त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या सभासदांचा अंकुश असावा, ही त्यांची मागणी होती.

१८७२च्या कायद्याने त्या दिशेने पहिले पाऊल पडले. कॉर्पोरेशनच्या, म्हणजे महापालिकेच्या, ६४ सभासदांपैकी ३२ करदात्यांनी, १६ जस्टिसांनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे, असे ठरले. मतदानाचा हक्क मात्र मोठा कर भरणाऱ्या थोड्यांपुरताच राहिला.

पुढे नवा कायदा करण्याचे ठरले, तेव्हा कमिशनरांना जास्त अधिकार देण्याकडे सरकारचा कल होता. १८८७ साली मेहता मुंबई विधिमंडळावर नियुक्त झाले होते. काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासह त्यांनी विधेयकातील कलमे तपासली. १८८८च्या कायद्याने शहराचा कारभार कॉर्पोरेशनच्या ठायी राहिला आणि ७२ सभासदांपैकी ३६ प्रभागांतून निवडले जाऊ लागले. कमिशनर मात्र सरकारचाच राहिला.

मेहता १८८४, १८८५, १९०५ आणि १९११ मध्ये कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. सभागृहातील त्यांचे वजन सरकारी अधिकाऱ्यांना खुपत होते. १९०७ साली जस्टिसांच्या १६ जागांच्या निवडणुकीत युरोपीय अधिकाऱ्यांनी एकजूट करून त्यांना पाडण्याचा घाट घातला. ही एकजूट 'कॉकस' म्हणून ओळखली गेली. मेहतांचा क्रमांक सतरावा लागला. पण निवडून आलेला एक उमेदवार अपात्र ठरला आणि ते सभागृहात परतले. त्याच वर्षीच्या कायद्याने पोलिसांचा खर्च सरकारकडे आला आणि प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय सेवेचा भार कॉर्पोरेशनकडे गेला.

महापालिकेच्या मुख्यालयासमोर मेहतांचा पुतळा उभा आहे. अनेक दुरुस्त्या होऊनही मुंबईचा कारभार आजही १८८८च्याच कायद्यानुसार चालतो, आणि नागरी कारभार महापालिकेच्या ठायी आहे हे त्याचे तत्त्व कायम आहे.