पिंग लागलं म्हणजे पत्ता बरोबर, असं नाही

संशोधनासाठी स्वतःचं छोटं नेटवर्क उभं करायची वेळ बऱ्याच जणांवर येते. एक राउटर, चार-पाच संगणक, केबल जोडल्या, पिंग लागलं की आपण म्हणतो, "झालं!" मीही तेच म्हटलं होतं. पुढे दोन आठवड्यांची मोजमापं टाकून द्यावी लागली, आणि चूक माझीच होती: एका संगणकावरचा सबनेट मास्क.

आधी मूळ गोष्ट बघू. आयपी आवृत्ती ४ चा पत्ता ३२ बिटांचा असतो. पुढचे काही बिट नेटवर्क सांगतात, उरलेले त्या नेटवर्कमधलं यंत्र. यातली सीमारेषा कुठे, हे मास्क ठरवतो. /२५ म्हणजे २५ बिट नेटवर्कचे, ७ यंत्रांचे. ७ बिटांत १२८ पत्ते बसतात. त्यातला पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणून यंत्रांसाठी उरतात १२६.

राउटरचा प्रत्येक इंटरफेस वेगळ्या नेटवर्कमध्ये असावा लागतो. म्हणून मी १९२.१६८.१०.०/२४ चे दोन भाग केले. एका इंटरफेसला १९२.१६८.१०.१, दुसऱ्याला १९२.१६८.१०.१२९, आणि दोन्हीकडे मास्क २५५.२५५.२५५.१२८. सिस्कोच्या राउटरवर पत्ता दिल्यावर 'नो शटडाउन' द्यायला विसरू नका, कारण तिथे इंटरफेस सहसा सुरुवातीला बंदच असतो. दोन इंटरफेसचे पत्ते एकमेकांवर चढले तर हा राउटर तिथेच अडवतो. पण समोरच्या संगणकावर तुम्ही काय लिहिलंय, हे त्याला कळत नाही!

माझा घोटाळा तिथेच झाला. १९२.१६८.१०.२० या संगणकावर मी सवयीने मास्क २५५.२५५.२५५.० टाकला. त्यामुळे १९२.१६८.१०.२०० हे यंत्र राउटरपलीकडे असूनही त्याला आपल्याच नेटवर्कमधलं वाटलं. मग त्याने पॅकेट गेटवेकडे न देता थेट विचारलं, "२०० चा मॅक पत्ता काय?" या विचारण्याला एआरपी म्हणतात. ही हाक राउटर ओलांडून जात नाही. म्हणजे पिंग लागायलाच नको होतं, बरोबर?

पण लागलं. कारण प्रॉक्सी एआरपी. ही सोय १९८७ च्या आरएफसी १०२७ मध्ये मांडलेली आहे आणि सिस्कोच्या आयओएसमध्ये मुळातच चालू असते. राउटर २०० च्या वतीने स्वतःचा मॅक पत्ता देतो आणि पॅकेट पुढे पोचवतो. चूक झाकली जाते.

आता मी मोजत होतो नव्या यंत्राकडे जाणाऱ्या पहिल्या पॅकेटचा विलंब. मास्क बरोबर असलेल्या संगणकाला गेटवेचा मॅक पत्ता एकदा कळला की पुरतं. माझ्या २० नंबरला मात्र पलीकडच्या प्रत्येक नव्या यंत्रासाठी वेगळी हाक मारावी लागत होती. तो जास्तीचा वेळ मी 'निष्कर्ष' समजलो आणि आलेख काढून मार्गदर्शकांना दाखवलासुद्धा.

नंतर राउटरच्या जागी लिनक्सचा संगणक लावला. तिथे प्रॉक्सी एआरपी मुळात बंद असते. २० वरून पलीकडचं पिंग एकदम थांबलं, बाकीचे सगळे ठीक! जुना राउटर परत लावून २० चं एआरपी टेबल पाहिलं, तर पलीकडच्या सगळ्या पत्त्यांपुढे एकच मॅक. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

म्हणून मोजायला बसण्याआधी एवढं करा:

१. प्रत्येक संगणकाचा पत्ता, मास्क आणि गेटवे स्वतः वाचून बघा. आठवणीवर जाऊ नका.

२. एआरपी टेबल बघा. अनेक पत्त्यांपुढे एकच मॅक दिसला तर थांबा.

३. प्रयोगापुरती इंटरफेसवर 'नो आयपी प्रॉक्सी-एआरपी' ही आज्ञा द्या. चूक असेल तर लगेच उघडी पडेल.

४. मोजमापांच्या फाइलसोबत त्या दिवशीचं कॉन्फिगरेशनही साठवा. माझ्याकडे ते असतं, तर निदान कुठली मोजमापं वाचवता येतील हे तरी कळलं असतं.

पिंग फक्त पॅकेट पोचलं एवढंच सांगतं. ते कुठल्या वाटेने, कोणाच्या मदतीने पोचलं, हे आपणच विचारायचं असतं.