ढगातल्या ग्रंथालयातून पुस्तक आणताना

गोंदिया शहराजवळचे नागरा हे गाव तेथील प्राचीन शिवमंदिरामुळे परिसरात सर्वांना ठाऊक आहे. समजा, तेथील एका शिक्षकांनी ठरवले की, आपल्या भागाचे शंभर वर्षांपूर्वीचे वर्णन मुलांना वाचून दाखवायचे. मग शोध कोठे घ्यायचा? गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी अस्तित्वात आला. त्याआधी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. म्हणून पाहायला हवे ते आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले, 1908 साली प्रसिद्ध झालेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटिअर. सरकारी प्रकाशनाचा स्वामित्वहक्क आपल्याकडे प्रसिद्धीनंतर 60 वर्षांनी संपतो. त्यामुळे अशी जुनी पुस्तके उतरवून घेण्यास कायद्याची अडचण नाही. 1996 साली सुरू झालेल्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहात अशा अनेक जुन्या गॅझेटिअरांच्या प्रती आहेत.

एकच पुस्तक हवे असेल तर संकेतस्थळ उघडावे, बटण दाबावे, काम झाले. पण पन्नास खंड हवे असतील आणि वीज किंवा नेटवर्क मध्येच जात असेल, तर प्रत्येक खंडासाठी बटण दाबत बसणे कठीण. अशा वेळी हे काम संगणकाकडून करून घेता येते. त्यासाठी असलेल्या व्यवस्थेला ‘ॲप्लिकेशन प्रोग्रामिंग इंटरफेस’ किंवा थोडक्यात ‘एपीआय’ म्हणतात.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ‘क्लाउड’ म्हणजे ढग. पण फाइली आकाशात नसतात. त्या कोठल्या तरी इमारतीतल्या हजारो डिस्कांवर असतात. नेमक्या कोणत्या डिस्कवर, हे आपल्याला माहीत असण्याची गरज नसते, एवढाच त्या ढगाचा अर्थ.

आता आपले नेहमीचे ग्रंथालय आठवा. काही ग्रंथालयांत वाचकाला कपाटांपर्यंत जाऊ देत नाहीत. खिडकीपाशी ठरावीक नमुन्याची चिठ्ठी द्यायची. ग्रंथपाल पुस्तक आणून देतात. एपीआय ही तशीच खिडकी आहे. फरक इतकाच की, चिठ्ठी लिहिणारा आपला प्रोग्राम असतो आणि ती घेणारा पलीकडचा सर्व्हर. म्हणून चिठ्ठीचा नमुना काटेकोर असावा लागतो. माणूस चुकलेले अक्षर समजून घेतो, सर्व्हर घेत नाही.

हा व्यवहार चार पायऱ्यांनी होतो. पहिली पायरी यादीची. ‘भंडारा या विषयावरची पुस्तके सांगा’ अशी चिठ्ठी गेली की यादी येते. ती लांब असल्यास सर्व्हर ती एकदम देत नाही. पहिली 50 नावे देतो आणि पुढची मागायची खूण सोबत पाठवतो. ही खूण न वाचणाऱ्या प्रोग्रामला वाटते की जगात 50च पुस्तके आहेत. दुसरी पायरी तपशिलाची. प्रत्येक पुस्तकाला एक अनन्य ओळखनाम असते. ते कळवले की त्या पुस्तकाच्या फाइलींची नावे, त्यांचे आकार आणि इतर माहिती ‘जेसन’ नावाच्या सुटसुटीत लेखनपद्धतीत मिळते. तिसरी पायरी प्रत्यक्ष फाइल मागण्याची. येथे सर्व्हर कित्येकदा ‘ती फाइल अमुक पत्त्यावर आहे, तिकडे जा’ असे उत्तर देतो. प्रोग्रामने त्या नव्या पत्त्यावर जायचे असते. चौथी पायरी तपासणीची. तिच्याकडे शेवटी वळू.

सर्व्हरच्या प्रत्येक उत्तरावर तीन अंकी क्रमांक असतो. 200 म्हणजे सर्व ठीक. 404 म्हणजे अशी फाइल येथे नाही. 401 म्हणजे आधी आपली ओळख पटवा. 403 म्हणजे ही फाइल आपल्याला पाहता येणार नाही. 429 म्हणजे फार घाई करता आहात, थांबा. अशा वेळी थोडे थांबून पुन्हा विचारावे, आणि पुन्हा नकार आल्यास थांबण्याचा काळ दरवेळी दुप्पट करावा. खिडकीशी धक्काबुक्की केल्याने पुस्तक लवकर मिळत नाही.

401चे उत्तर खाजगी संग्रहांत हमखास भेटते. शाळेची कागदपत्रे क्लाउडवर ठेवली असतील तर ती कोणीही उचलून नेऊ नयेत, हे उघडच आहे. येथे प्रोग्रामला पासवर्ड न देता ‘टोकन’ देतात. टोकन म्हणजे मर्यादित काळाचा परवाना. पुष्कळ ठिकाणी तो तासाभरात संपतो. शिवाय तो ‘फक्त वाचण्यापुरता’ असा मागता येतो, आणि तसाच मागावा. मग प्रोग्राममध्ये चूक झाली तरी मूळ फाइल पुसली जाण्याची भीती नसते. टोकन किंवा पासवर्ड प्रोग्राममध्येच लिहून तो प्रोग्राम मित्राला पाठवणे म्हणजे घर दाखवताना किल्लीही देऊन टाकणे होय.

आता नेटवर्क तुटण्याचा प्रश्न. समजा, खंडाची फाइल 180 मेगाबाइटची आहे आणि वेग सेकंदाला 2 मेगाबिट आहे. एका बाइटमध्ये 8 बिट असतात; म्हणून 180 × 8 = 1440 मेगाबिट, आणि त्यांना लागणारा वेळ 720 सेकंद म्हणजे 12 मिनिटे. 126 मेगाबाइट उतरल्यावर वीज गेली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची का? गरज नाही. ‘मला या फाइलचा एवढ्या बाइटपासून पुढचा भाग द्या’ असे चिठ्ठीत लिहिता येते. बाइटांची मोजणी शून्यापासून होत असल्याने हातात जितके बाइट आले, तोच पुढच्या बाइटचा क्रमांक असतो. उरलेले 54 मेगाबाइट 216 सेकंदांत, म्हणजे चार मिनिटांच्या आत येतात.

येथे एक खाचखळगा आहे. तुकडा पाठवताना सर्व्हर 200 नव्हे, तर 206 हा क्रमांक देतो. काही सर्व्हरांना तुकडे देता येत नाहीत. ते 200 म्हणून अख्खी फाइल पुन्हा पाठवतात. प्रोग्रामने क्रमांक न पाहता ती जुन्या तुकड्याला जोडली, तर 306 मेगाबाइटची निरुपयोगी फाइल तयार होते आणि चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही.

म्हणूनच चौथी पायरी महत्त्वाची. फाइलमधल्या सर्व बाइटांवर ठरावीक गणित करून एक छोटी संख्या काढतात. तिला ‘चेकसम’ म्हणतात. इंटरनेट आर्काइव्ह फाइलींच्या तपशिलात ही संख्या देते. उतरवलेल्या फाइलवर आपण तेच गणित करायचे. उत्तर जुळले तर फाइल जशीच्या तशी आली असे समजावे. एक बाइट बदलला तरी उत्तर जुळत नाही. यासाठी वापरली जाणारी ‘एमडी5’ ही पद्धत 32 अंक-अक्षरांचे उत्तर देते. वाटेत झालेला बिघाड ती पकडते. मात्र मुद्दाम केलेली फसवणूक ओळखण्यास ती आता पुरेशी मानत नाहीत. तेथे ‘एसएचए-256’ वापरतात.

वर्गात हे सहज दाखवता येईल. फळ्यावर 4, 7, 2 लिहा. त्यांची बेरीज 13. एका मुलाला अंकांची अदलाबदल करून 7, 4, 2 लिहायला सांगा. बेरीज तीच राहते, म्हणजे चूक सापडत नाही. आता पहिल्या अंकाला 1ने, दुसऱ्याला 2ने, तिसऱ्याला 3ने गुणून बेरीज करा. आधी 24 येते, नंतर 21. चूक सापडली! कोणते गणित अधिक चुका पकडेल, याचा शोध मुलांनाच घेऊ द्या. गुणाकार येणाऱ्या वर्गाला हा खेळ पुरे पडतो.

एवढी काळजी कशासाठी? आपण उतरवलेली प्रत आपल्यापुरती राहत नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत ती पेनड्राइव्हवरून दहा शाळांत जाते, आणि तेथून आणखी कोठे. अर्धवट फाइल कित्येकदा उघडतेही. फक्त शेवटची पाने कोरी निघतात. मग एखादा शिक्षक प्रामाणिकपणे मुलांना सांगतो की, आपल्या गावाबद्दल या पुस्तकात काही नाही. पुस्तकात नाही आणि आपल्या प्रतीत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक ओळखायला दोन मिनिटांची तपासणी पुरते.